राखणदाराचा नारळ

गोदाला वाडीतली माणसं तोंडाळ म्हणत. म्हणोत बापडी. नवरा जन्मभर मुंबईला गिरणीत, पदरात दोन मुलगे, कातळावर आंब्याची चाळीस कलमं आणि हद्दीवर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद, एवढं सगळं जिने एकटीने निभावलं तिने गोड बोलायला वेळ काढायचा कुठून? तिच्या एका शब्दावर गडी झाडावर चढत आणि दुसऱ्या शब्दावर उतरत. शाळा तिने चौथीच्या उंबऱ्यावर सोडली होती. सही करताना पेन असं दाबायची की खालच्या दोन कागदांवरही गोदा उमटायची. पण सही करायची. अंगठा तिने कुठेच कधी उठवला नाही.

आणि त्या वर्षी तिच्या घरात एका अंगठ्यानेच सगळ्यांना वेठीला धरलं होतं.

अंगठा धाकट्याचा, शिवाचा. उजवा. अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळी चार दिवसांवर असताना तो गोठ्यावरचा पत्रा बदलत होता. वारा आला, पत्रा हातातून सटकला आणि जाता जाता कडेने मुळाशी अंगठा वाकवणारी आतली शीर कापून गेला. दवाखान्यात टाके घातले, दीड महिना हात बांधून ठेवला, मग पट्टी सोडून डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं. आता तुझं. रोज वाकवायचा, वाकवून दाबून धरायचा. दुखेल, तरी धरायचा. शिमग्यापर्यंत आला तर आला. नंतर ते लाकूडच समज." सोबत रबराचा एक चेंडू दाबायला दिला.

शिवाने तो चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी चेंडू खाटेखाली गेला आणि शिवा ओटीवर जाऊन बसला. सव्वीस वर्षांचा बाप्या, लग्नाला दोन वर्षं झालेली, कलमाच्या शेंड्यापर्यंत माकडासारखा जाणारा. आता उजवा हात पंचाखाली झाकून डाव्या हाताने चमच्याने भात खायचा, तोही भिंतीकडे तोंड करून. कलमांना मोहोर धरला होता. फळ उतरवायला घळ लागते, म्हणजे लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी. ती एका हाताने पेलायची आणि दुसऱ्याने फांदी धरायची. अंगठ्याशिवाय ना घळ धरता येते, ना फांदी. हे शिवाला माहीत होतं म्हणूनच तो झाडांकडे पाठ करून बसायचा.

गोदाने बोलायचं तेवढं बोलून पाहिलं. आळशी म्हटलं, बापावर गेलास म्हटलं, बायकोच्या बांगड्या भर म्हटलं. शिवा ऐकून घ्यायचा. चिडायचासुद्धा नाही. आपली जीभ कुणाला लागत नाही, हे गोदाला उभ्या जन्मात पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते तिला रात्रीपेक्षा दिवसा जास्त टोचायचं, कारण दिवसा तो समोर दिसायचा.

मकर संक्रांत झाली आणि खाडीवरून हफीजा आली. डोक्यावर सुक्या जवळ्याची पाटी, काखेत कापडात बांधलेलं एक खोकं. तीस वर्षं ती अशी चढण चढून यायची. जवळा द्यायची, नारळ आणि कोकमं न्यायची. दोघींनी एकमेकींना सरळ शब्द कधी बोललेला कुणी ऐकला नव्हता.

"काय गो वयनी," पाटी उतरवत हफीजा म्हणाली, "पोराला ओटीवर सुकत घातलायस काय? त्याच्यापेक्षा माझा जवळा बरा दिसतो."

"तुझ्या जवळ्याला वास तरी हाय. ह्याला तोपण नाय उरला."

शिवाने मान आणखी भिंतीकडे वळवली. दोघी आत गेल्या.

माजघरात हफीजाने खोकं सोडलं. आत पांढरी पेटी, तिला वायरीने जोडलेली दोन चपटी यंत्रं, साबणाच्या वडीएवढी. "करीमने आणलंय," ती म्हणाली. करीम तिचा मुलगा, बोटीवर नोकरीला. "बारा महिने दर्यात, येताना आईला एक साडी नाय, हे टीव्हीत लावायचं खेळणं. महिनाभर बसला टकटक करत. आता गेला परत. मी म्हटलं, डागदर शिवाला अंगठा हलवायला सांगतो ना? आमच्या करीमचा अंगठा महिनाभर जागेवर नव्हता. जेवतानापण ताटात टकटक."

गोदाने एक वडी हातात घेतली. डावीकडे फुली, उजवीकडे दोन गोल बटणं. उजव्या अंगठ्याची.

"दे त्याला," हफीजा म्हणाली.

"दिलं तर हात नाय लावायचा. दोन महिन्यांत मी सांगून त्याने पाणीसुद्धा प्यायलेलं नाय." गोदाने जरा विचार केला. "राही, लाव गो ते. मीच खेळते."

राही, शिवाची बायको, सातवी पास. करीमने कागदावर लिहून दिलेलं वाचत तिने वायरी जोडल्या. टीव्ही काळा-पांढरा होता. मोठ्या धोंडूने मुंबईत रंगीत घेतल्यावर जुना एस.टी.ने पाठवला होता. पडद्यावर मुंग्या आल्या, मग जंगल आलं, मग जंगलात टोपीवाला टीचभर माणूस उभा राहिला. खाली कसलीशी चिनी जपानी अक्षरं.

"करीमने लिहिलंय," राही वाचू लागली, "माणसाला चालवायचं. वाटेत मडकी येतील ती फोडायची. त्यांतून हत्यारं निघतात. घेत जायची. प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी बॉस बसलेला असतो. त्याला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"बॉस म्हणजे काय?"

"साहेब."

"साहेब जंगलात कशाला बसेल? पंख्याखाली बसेल." गोदाने पदर खोचला. "वाट अडवून हद्दीवर बसतो तो राखणदार. करीमला शब्द म्हायत नाय."

ती पाट घेऊन टीव्हीपुढे बसली आणि पहिल्याच ओढ्यात पडून मेली. दुसऱ्यांदा वटवाघळाने मारलं. तिसऱ्यांदा एक मडकं फुटलं आणि आतून गोल काळं काहीतरी निघालं, वर बोटभर शेंडी.

"नारळ," गोदा म्हणाली.

राहीने कागदात पाहिलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं आणि मिटलं.

गोदाने बटण दाबलं. ती सही करते तसंच दाबलं, पाट करकरेपर्यंत, आणि सोडलंच नाही. टोपीवाला गुडघ्यावर खाली बसला, बऱ्याच वेळाने नारळ त्याने हळूच पुढ्यात ठेवला आणि तिथेच बसून राहिला. शेंडी तडतडली. नारळ फुटला. टोपीवाला मेला.

"फुटला," गोदा समाधानाने म्हणाली. "नारळ फुटायचाच. पण ह्या खुळ्याने मागे सरायला नको?"

असं तीन दुपारी चाललं. संध्याकाळी दिवा मंद व्हायचा म्हणून खेळ दुपारचाच. गोदा ओढ्यात पडायची, गोदा काट्यांवर बसायची, गोदा एकाच वटवाघळाकडून नऊ वेळा मरायची आणि प्रत्येक वेळी त्या वटवाघळाच्या सात पिढ्या उद्धरायची. ओटीवर सगळं ऐकू जायचं. तिसऱ्या दिवशी हफीजाही येऊन बसली आणि चुकीच्या वेळी "उडी मार, उडी मार" म्हणू लागली.

"तू गप. तुझ्या सांगण्याने दोनदा पडले."

"तू न सांगतापण पडतेस, वयनी."

दारात सावली पडली. शिवा उभा होता. गोदाने मान वळवली नाही. तिने माणसाला सरळ ओढ्यात घातलं.

"आये," शिवा म्हणाला, "ओढा यायच्या आधी उडी मारायची. आल्यावर नाय."

"तुला काय करायचंय? तू बस तिथे भिंत बघत."

ती पुन्हा पडली. शिवा दोन पावलं आत आला. पुन्हा पडली. मग त्याला राहवेना. त्याने आईच्या हातातून रिमोट काढून घेतला. राही त्या वडीला रिमोट म्हणायची, म्हणून सगळेच म्हणू लागले होते. तो खाली बसला. पंचा गळून पडला. उजवा अंगठा बटणावर आडवा ठेवून तो मनगटाने दाबू लागला, कारण अंगठा वाकत नव्हता. ओढ्यावरून माणूस टुणकन पलीकडे गेला.

राहीने पंचा उचलला आणि घडी करून कपाटात ठेवून दिला.

मनगटाने ओढे ओलांडता येतात, पण पहिला राखणदार नाही. तो होता कुर्ली, बैलगाडीएवढी खेकडी. डावी नांगी, उजवी नांगी, पुन्हा डावी, आणि मधे डोळे मिटायची तेव्हाच मारायचं. मनगट पोचेपर्यंत तिचे डोळे उघडायचे. शिवा चार दिवस तिच्या हातून मेला. पाचव्या दिवशी त्याने अंगठ्याचं पेर थोडं वाकवलं. "आई गं," एवढंच म्हणाला. कपाळावर घाम आला. कुर्ली उलथी पडली.

गोदा मागे बसून खोबरं किसत होती. तिने कीस पाहिला, पोराचा अंगठा पाहिला आणि पुन्हा कीस पाहिला. "कुर्लीला चार दिवस," ती म्हणाली. "हफीजा एका सकाळी तीस धरते."

मडक्यांतून हत्यारं निघू लागली. रंग नाही, सगळं करडंच, म्हणून गोदाने त्यांना आपली नावं दिली. आखूड पातं ती कोयती. फेकली की फिरून हातात येणारी ती आकडी. लांब जाळ सोडणारी ती चूड, झावळ्यांची पेटवतात तशी. आणि शेंडीवाला नारळ. शिवाने नारळ एकदोनदा बटण टिचकावून फेकला. भिंतीला लागून तो फुटला आणि भिंतीमागे वाट निघाली. एक हत्यार मिळालं की दुसरं जोराचं व्हायचं; कोयतीची दोन पाती व्हायची, चुडीचा जाळ दुप्पट व्हायचा. पण मेलं की सगळं जायचं आणि नव्याने पहिल्या ओढ्यापासून. शिवा रोज दुपारी नव्याने सुरुवात करायचा. गोदाला हे फार आवडलं होतं. ती म्हणायची, हा खेळ ज्याने केला तो शेतकरी असणार.

दुसरा राखणदार घार होती. ती आकडीने पडली. तोवर माघ अर्धा सरला होता आणि शिवाचा अंगठा अर्ध्यापर्यंत वाकत होता. अर्ध्यावर येऊन तो थांबला. बटण टिचकावता यायचं. दाबून धरता येत नव्हतं. धरलं की आतून कळ यायची आणि अंगठा आपोआप सुटायचा. जेवण अजून चमच्यानेच चाललं होतं, पण आता तोंड भिंतीकडे नसायचं.

मग तिसरा पट्टा आला, आणि त्याच्या शेवटी, दगडी दाराला वेटोळं घालून, नाग.

फणा पडद्याच्या वरच्या काठाला लागलेला. गोदाने किसणी बाजूला ठेवली. डोक्यावरून पदर घेतला. "रिमोट ठेव," ती म्हणाली.

"का?"

"त्याच्यावर हात उचलायचा नाय. आपल्या कलमांच्या हद्दीवर कोण हाय ठावं ना तुला? तुझ्या आजाने डोळ्यांनी बघितलाय. ह्याच रूपात."

"आये, हा जपानातला हाय."

"जपानात जमिनीला हद्द नसते काय?"

"त्याला मारल्याबिगर दार उघडत नाय. करीमने लिहिलंय."

"करीमने साहेब लिहिलंय. कुर्ली मारलीस, घार मारलीस, मी बोलले नाय. हा जागेवाला. ह्याला मान द्यायचा असतो."

शिवा हसला. चार महिन्यांनी हसला, म्हणून गोदाने पुढचं बोलणं गिळलं. त्याने कोयती चालवली; नागावर नुसता टणत्कार झाला. आकडी फिरून रिकामी आली. चुडीच्या जाळाने फणा उलट आणखी फुलला आणि नागाच्या तोंडातून जाळाचा लोळ आला. टोपीवाला खाक.

आठ दिवस हेच. शिवा रोज सगळे पट्टे ओलांडायचा, मडकं न मडकं फोडायचा, हत्यारांनी लादून नागापुढे उभा राहायचा आणि खाक व्हायचा. नारळही फेकून पाहिला. नागाच्या छातीवर आपटून तो परत आला आणि पायाशी फुटला. आठव्या दिवशी अंगठा सुजला होता. त्याने रिमोट चटईवर ठेवला. आपटला नाही, ठेवला, आणि ते आपटण्यापेक्षा वाईट दिसलं.

"बस झालं," तो म्हणाला. "माझंपण असंच हाय. सगळं करून अर्ध्यावर येतो आणि पुढे नाय. राही, उद्या हे हफीजाचाचीला परत देऊन ये. आणि आये, कलमं यंदा दुसऱ्या कुणाला उतरवायला सांग. मला परत बोलायला लावू नको."

शिमग्याला दहा दिवस होते.

गोदाच्या जिभेवर बारा वाक्यं आली. एकेक जाऊन टोचेल अशी. ती उठून परसात गेली आणि बाराच्या बारा तिने तिथल्या केळीला ऐकवली. मग केळीखाली बसली. तिचा पोरगा रोज एवढी हत्यारं गोळा करून त्या दारापाशी पोचत होता, आणि ती मागे बसून कुर्लीवरून टोमणे मारत होती. चूक कुणाची? राखणदारापाशी कसं जायचं हे घरात एकटीलाच ठाऊक, आणि तिने ते भांडून सांगितलं. भांडून सांगितलेलं कोण ऐकतो? निदान तिचा मुलगा नाही. तो तिच्यावरच गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माजघरात आली ती हात जोडल्यासारखी. शिवा वायरी गुंडाळत होता. हफीजा खोकं न्यायला येऊन बसली होती.

"एक डाव माझ्यासाठी खेळ," गोदा म्हणाली. "मग खोकं मी स्वतः खाडीवर पोचवते."

हफीजाने राहीकडे पाहिलं. राहीने हफीजाकडे. गोदाला कुणाकडे काही मागताना दोघींनीही पाहिलं नव्हतं.

"एकच," शिवा म्हणाला.

ओढे गेले, कुर्ली गेली, घार गेली. नाग आला.

"हत्यारं राहू दे," गोदा म्हणाली. "नारळ घे."

"मारून बघितला, आये. परत येतो."

"मारलास ना. शिवा, नारळ कुणी फेकून मारतो काय रे? पुढ्यात ठेवतात. खाली बसून. आणि ठेवून मागे सरतात."

"ठेवता येत नाय ह्यात."

"येतं. माझा माणूस बसायचा खाली. तू ओटीवर होतास, तू नाय बघितलंस."

"खरंच बसायचा, अहो," राही म्हणाली. "आत्या बटण सोडतच नव्हत्या. दाबून धरलं की तो खाली बसतो."

शिवाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. दाबून धरायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच एक त्याला जमलं नव्हतं.

"किती वेळ धरायचं?"

"गाऱ्हाणं होईस्तोवर."

देवापुढचं गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं असतं. पण घरातल्या पुरुषाचे दोन्ही हात गुंतलेले होते. गोदा उभी राहिली, पदर सारखा केला. शिवाने अंगठा बटणावर ठेवला, वाकवला, आणि दाबला. टोपीवाला नागापुढे गुडघ्यावर बसला.

"बा राखणदारा," गोदाने आवाज लावला, आणि तो आवाज शेजारच्या वाडीतही पोचला असेल, "तू हितला जागेवाला. तुझी हद्द आम्हाला ठावी नव्हती."

"व्हय म्हाराजा," राही म्हणाली.

नागाने जाळ सोडला. जाळ वरून गेला. टोपीवाला खाली बसलेला होता, त्याच्या टोपीलाही झळ लागली नाही.

"माझ्या लेकराने तुझ्यावर आठ दिवस हत्यार उचललं. लहान हाय, आडदांड हाय, त्याच्या आईसारखा हाय. पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

शिवाच्या अंगठ्यात कळ आली. खांद्यापर्यंत गेली. अंगठा सुटू पाहत होता. त्याने दात आवळले. "लवकर आटप, आये."

"गाऱ्हाणं लवकर आटपत नसतं. बा म्हाराजा, त्याचा हात त्याला दे. त्याची वाट त्याला दे. हा मान तुझा, तू घे."

आता राही बोलायची राहिली, कारण ती नवऱ्याच्या अंगठ्याकडे पाहत होती. तो अर्ध्याच्या पुढे वाकला होता. तेव्हा "व्हय म्हाराजा" हफीजा म्हणाली, मोठ्याने, आणि मग आपणच तोंडावर हात ठेवला.

टोपीवाल्याने नारळ ठेवला.

"सर मागे," तिघी एकदम म्हणाल्या.

शिवाने अंगठा सोडला, माणूस मागे घेतला. शेंडी तडतडत होती. नागाचा फणा हलला, खाली आला, आणि नारळ त्याने अख्खा गिळला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडदा पांढराशुभ्र झाला, टीव्ही गुरगुरला आणि डोळे उघडले तर वेटोळं नव्हतं. दगडी दार दोन बाजूंना सरकलं. पलीकडे समुद्र होता, करडा, आणि किनाऱ्याला एक होडी.

"मान घेतला," गोदा म्हणाली.

शिवाने अंगठा पुन्हा बटणावर ठेवला होता. वाकवून. दुखतोय का बघत होता. दुखत होताच. तरी तो दाबून धरत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता, आणि पडद्यावर तो टीचभर माणूस रिकाम्या हाताने समुद्रापुढे बसत होता, उठत होता, बसत होता.

गोदाला काहीतरी गोड बोलायचं होतं. सवय नसल्यामुळे आलं नाही. "बघतोस काय," ती म्हणाली, "होडीत बस. पुढे आणखी असतील."

खोकं त्या दिवशी खाडीवर गेलं नाही. हफीजाने मागितलंही नाही.

शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा शिवाने ओटी भरायचा नारळ उजव्या हातात धरला होता. डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि म्हणाले, पाऊण आलाय, उरलेला कामाने येईल. पाऊण तर पाऊण. शिवा पाऊण अंगठ्याने भात कालवायचा, शितं सांडायची, आणि गोदा त्याच्या ताटाभोवती मांजर घोटाळू देत नव्हती, एवढं एक सोडलं तर तिने त्याबद्दल शब्द काढला नाही.

चैत्रात पहिला आंबा तयार झाला. शिवा कलमावर चढला, पूर्वीसारखा माकडागत नाही, फांदीफांदीला थांबत. पण चढला. त्याच सकाळी हफीजा पाटी घेऊन आली. तिने राहीकडून लिहवून धाडलेल्या पत्राला करीमचं उत्तर आलं होतं, ते राहीला वाचायला द्यायचं होतं. राहीने वाचलं. शिवाने तिसरा बॉस कसा काय पाडला, असं करीमने विचारलं होतं. त्याला स्वतःला महिनाभरात जमलं नव्हतं. आणि खाली लिहिलं होतं की गोल असतो तो बॉम्ब, तो जपून वापरायला सांगा.

राही वाचता वाचता थांबली. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. झाडावरून शिवाचं हसू ऐकू आलं. त्यालाही ठाऊक होतं म्हणायचं.

"बॉम्ब," हफीजा म्हणाली. "ऐकलंस काय, वयनी? आणि तू मला त्याच्यापुढे म्हाराजा म्हणायला लावलंस."

गोदा पाटीतला जवळा निवडत होती. "शेंडी होती की नाय?"

"होती."

"ठेवल्यावर फुटला की नाय?"

"फुटला."

"वाट दिली की नाय?"

"दिली."

"मग करीमला लिही, बोटीवर राहून माणसाला नारळ ओळखता येत नाय झाला. सुट्टीवर आला की पाठव माझ्याकडे, महिन्याच्या जागी एका दुपारी शिकवीन." तिने वर पाहिलं. फांदीच्या टोकाशी घळ हलली, देठ तुटला, आंबा जाळीत पडला. घळ खाली येईस्तोवर गोदा बघत राहिली. "शिवा, उतरलास की हफीजाला दोन नारळ सोलून दे. आणि शेंडी ठेव रे त्यांना."